बोटाएवढं दुखणं

मास्तर,

तुमच्या मातीला मी आलो न्हाय. सगळं गाव आलं होतं. शाळेला सुट्टी दिली होती. धाराशिवहून, कळंबहून तुमच्या जुन्या खेळाडू पोरी आल्या होत्या, कुणी कडेवर लेकरू घेऊन, कुणी नोकरीच्या कपड्यातच. मी माझ्या ओट्यावर बसून होतो. आमची सानिका दारात येऊन उभी राहिली. म्हणली, "आबा, जायचं का आपण?" म्या म्हणलं, "आपलं काय काम तिथं?" नात पंधरा वर्षाची झाली तरी माझ्या शब्दाबाहेर न्हाय. ती गपगुमान आत गेली. तुम्हाला शेवटचं बघायचं राहिलं ते माझं राहिलंच, तिचंबी माझ्यामुळंच राहिलं.

आता तुमच्या पोरी मिळून तुमच्यावर एक पुस्तिका काढायल्यात. घरोघरी जाऊन दोन-दोन शब्द लिहून घेतले. माझ्या दारावरनं दोनदा गेल्या, आत आल्या न्हाईत. यायचं तरी कशाला? तुमचं-माझं बोलणं बंद हाय हे गावातलं शेंबडं पोरगंबी सांगंल. मग मीच निरोप धाडला, माझंबी लिहिणं घ्या म्हणून. चौथी शिकलेला माणूस मी. ऱ्हस्व-दीर्घ सुधारा म्हणलं, पण शब्दाला हात लावायचा न्हाय. लावला तर मला कळंल.

तुम्ही पहिल्यांदा आमच्या घरी आला तवा सानिका पाचवीत होती. गाडी लावून तुम्ही सरळ मुद्द्यालाच हात घातला. "आबा, मधल्या सुट्टीत पोरं शिवणापाणी खेळत होती. हिला अर्ध्या तासात एकानं शिवलं न्हाय. मी घड्याळ लावून बघितलंय. ही पोर मला खो-खोला द्या." माझी सून मनीषा आतून म्हणली, "चड्डी घालून पोरगी मैदानावर? पाहुणे काय म्हणतील?" म्या म्हणलं, "लंगोट लावून मी साऱ्या जत्रंत लढलो, मला कुणी काय म्हणलं न्हाय. खेळू दे तिला." तुम्ही एवढं हसला की बशीतला चहा धोतरावर, म्हणजे माझ्या धोतरावर सांडला. पोरगा माझा ट्रकवर असतो, महिन्यातनं दोन दिस घरी. घरात शब्द चालायचा तो माझाच. त्या दिवशी तो शब्द चांगल्या कामाला लागला, एवढं मी अजूनबी म्हणंन.

मग मला संध्याकाळचं दुसरं काम सुचंना. पोरी यायच्या आधी आपण दोघं मैदानावर. मी पाणी मारायचो, तुम्ही पांढऱ्या फक्कीनं रेघा ओढायचा, आणि भांडण सुरू. कुस्ती मोठी का खो-खो. म्या म्हणायचं, "उठ-बस करायची आन् एकमेकीच्या पाठीत थापा घालायच्या, ह्याला खेळ म्हणत्यात व्हय?" एकदा तुम्ही म्हणला, "पैलवान, एक डाव पळून दाखवा, चहा माझ्याकडं." मी ऐकतोय व्हय! धोतर खोचलं आणि उतरलो. सहावीतल्या एका पोरीनं मला दहा श्वासाच्या आत धरलं. तुम्ही शिट्टी फुंकून ओरडला, "पैलवान बाद!" सगळं मैदान हसलं, मीबी हसलो. मास्तर, माझ्यावर हसलेला माणूस मी जन्मात सोडला न्हाय. तुम्हाला सोडला. ते तुम्हाला कधी सांगितलं न्हाय.

तिथंच थांबलो असतो तर आज हे लिहायला बसलो नसतो.

सानिका चांगली पळायला लागली तसं माझं डोकं फिरायला लागलं. चौदा वर्षाखालची एक टीम, सतरा वर्षाखालची एक, आणि वर मोठ्या बायांची खुली. ही तेरा वर्षाची, पण तिन्हीकडं चालायची. तुम्ही म्हणला, एका हंगामात एकच गट. म्या म्हणलं, पोर पळतीय तर दावं कशाला बांधता? बेंबळीकडची एक पोरगी खेळाडूच्या कोट्यातनं पोलिसात लागली होती, ती वर्दी घालून जत्रंला आली तवापासनं मला दुसरं काही दिसत नव्हतं. माझ्या दारात अशी वर्दी पायजे. तुम्ही म्हणला, "आबा, तिचं हाड अजून वाढायलंय. वाढत्या हाडावर एवढं ओझं टाकू नका." म्या म्हणलं, "तेराव्या वर्षी मी दिवसाला पाचशे बैठका मारत होतो. माझं हाड कुठं मोडलं?" तुम्ही माझ्या ताठ झालेल्या उजव्या गुडघ्याकडं बघितलं, बोलला काही न्हाय. मला लई राग आला होता त्या बघण्याचा.

दिवाळीनंतर एका सामन्याहून टीम परत आली. यष्टीतनं उतरताना सानिकानं डावा पाय अल्लाद टेकवला. माझ्या नजरंला आलं न्हाय, तुमच्या आलं. तुम्ही तिला शाळेच्या पायरीवर बसवलं, गुडघ्याखालनं एक बोट दाबत दाबत खाली आणलं. नडगीच्या मधोमध एका जागी बोट टेकलं आणि पोर बसल्या जागी उडाली.

"आबा, हातभर दुखत असतं तर मी म्हणलो असतो मांसाचं हाय, दोन दिसात जाईल. हे बोटाएवढ्या जागेवर दुखतंय. हे हाडाचं हाय."

"ती पडली न्हाय, कुठं आदळली न्हाय. हाडाला काय होतंय?"

"एका दणक्यानं न्हाय होत हे. रोजच्या पळण्यानं होतं. तार एकाच जागी वाकवत राहिलं की कशी जाती? तसं. सहा आठवडे पळणं बंद. धाराशिवला डॉक्टरला दाखवून या."

"विभागाचे सामने दोन आठवड्यावर आलेत, मास्तर."

"येऊ द्या."

मी दाखवून आणलं न्हाय. मी तालमीत वाढलेला. अंग दुखतंय म्हणलं की वस्ताद सांगायचा, अजून शंभर बैठका मार. आमी मारायचो. दुखणं गेलं का राहिलं हे परत कुणी इचारत नव्हतं.

विभागाच्या सामन्याला तुम्ही सानिकाला बाहेर बसवली आणि काजलला घेतली. काजल म्हणजे तुमची भाची, तुमच्याच घरी राहून शिकणारी. आपली टीम एका गुणानं हरली. पोरी गावात आल्या, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मैदानावर गेलो. तुम्ही वाकून रेघ ओढत होता. पोरी होत्या, चार-दोन आया होत्या, कडंनं गावातली माणसं होती. म्या सगळ्यांच्या देखत म्हणलं, "भाचीला खेळवायची होती तर सरळ सांगायचं होतं. माझ्या नातीच्या पायाला कशाला खोट काढली?"

हे खोटं होतं. हे मला तवाच ठावं होतं. राखीव पोरींत धड अशी काजल एकटीच उरली होती, दुसरी तापानं पडली होती. मी रोज मैदानावर असणारा माणूस, मला ठावं नसंल व्हय? पण तोंडातनं शब्द गेला. काजल रडायला लागली. तुमचे दोन्ही हात फक्कीनं पांढरे झालेले. तुम्ही तेवढंच म्हणला, "आबा, पोरी ऐकायल्यात."

मला वाटलं होतं तुम्ही भांडताल. भांडला असता तर मी हरलो असतो, आणि हरून मोकळा झालो असतो. तुम्ही खाली वाकून उरलेली रेघ पुरी केली.

घरी आलो तर सानिका जेवली नव्हती. "आबा, खरंच सरांनी काजलसाठी मला बसवलं?"

म्या म्हणलं, "व्हय."

एवढाच शब्द. त्या शब्दानं पोरीच्या मनातनं तिचा मास्तर काढून टाकला. तिला बसवलं त्याचं तिला दुःख होतंच. आता त्या दुःखाला माणूस मिळाला.

मी तिला धाराशिवच्या एका क्लबात घातलं. तिथं पायाचं काय सांगितलं न्हाय. त्यांनी इचारलं, काही दुखापत? म्या म्हणलं, काही न्हाय. दिवस उजाडला की तिला मारुतीच्या देवळापासनं फाट्यापर्यंत डांबरी सडकंवर पळवायचो. चार फेऱ्या. मी सडकंच्या मोरीवर बसायचो आणि एक फेरी झाली की एक खडा इकडचा तिकडं ठेवायचो. मातीवर पाय रुततो, सडकंवर पाय घट्ट होतो, असं माझं गणित. आणि संध्याकाळी तेल कोमट करून तिच्या नडगीवर अंगठा द्यायचो. तिथं हाताला गाठीसारखं लागायचं. मला वाटायचं, शीर चढलीय, गाठ मोडली की पोर मोकळी होईल. मास्तर, मी त्या जागेवर रोज अंगठा दिला. तुम्ही बोट टेकवलं होतं त्याच जागेवर. पोर ओढणीचं टोक दातात धरायची आणि हूं की चूं करायची न्हाय. मनीषा म्हणायची, "मामंजी, तिला सोसवंना." मी अभिमानानं म्हणायचो, "पैलवानाची नात हाय ती."

ओढणी दातात कशाला धरली हे मला त्या वेळी इचारायचं सुचलं न्हाय.

तुम्ही एकदा आला होता. उन्हं उतरली होती, मी ओट्यावर होतो. तुम्ही पायरीखालीच उभं राहून बोलला.

"आबा, मला काय बोलायचं ते बोला. चार माणसांत बोला. पण पोरीला सडकंवर पळवू नका. एकदा फोटो काढून आणा पायाचा. मी येतो संगं. मी नको असलो तर कुणाला तरी घेऊन जा."

"तुमची भाची कशी हाय?"

"बरी हाय."

"मग तिच्याकडं बघा."

तुम्ही वळला आणि गेला. दारी आलेल्या माणसाला म्या पाणी इचारलं न्हाय. आमच्या घरात बापजाद्यापासनं असं झालं नव्हतं. मनीषा तांब्या घेऊन आली होती. म्या तिला डोळ्यानं दटावून परत धाडली.

पुढचं तुम्हाला लोकांकडनं कळलंच असंल. मी डोळ्यानं बघितलेलं सांगतो. क्लबाचा सामना होता. सानिका पळत होती, मागची पोरगी चार हात लांब होती. खुंटाला वळसा घातला आणि ही खाली बसली. कुणी ढकललं न्हाय, धक्का न्हाय. वाळलेली काडी मोडावी तसा आवाज आला. मला वाटलं पाय घसरला. मी बाहेरनं ओरडलो, "ऊठ! ऊठ, पळ!" ती माझ्याकडं बघून नुसती मान हलवत होती. मास्तर, तुटलेल्या पायाच्या पोरीला मी दोनदा ऊठ म्हणलो.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडाला धरला. पोरसवदाच होत्या. म्हणल्या, "आजोबा, हे आजचं एकट्याचं नाही. इथं आधीपासून चीर होती, शरीर ती भरून काढायला बघत होतं. ही गाठ दिसते ना? तो हाड सांधायचा प्रयत्न होता. त्याला वेळ मिळाला नाही." मग इचारलं, "या जागेला कुणी चोळत होतं का?"

म्या म्हणलं, "न्हाय."

सानिका खाटंवर पडली होती. तिनं माझ्याकडं बघितलं, मग छताकडं. आजाची इज्जत तिनं मोडल्या पायावर सांभाळली. मी मात्र बाहेर येऊन लोकांना सांगितलं, मास्तरानंच लहानपणापासनं पळवून पळवून पाय खिळखिळा केला होता.

तुम्ही ह्यालाबी उत्तर दिलं न्हाय.

मांडीपासनं बोटापर्यंत प्लास्टर. चार महिने पोर घरात, मग कुबड्या घेऊन शाळंत. मी तिला सोडायला जायचो. तुम्ही क्रीडाखोलीच्या दारात खुर्ची टाकून बसलेले असायचा. ती आत आली की तुम्ही उठून उभं राहायचा. आणि ती तोंड फिरवायची. रोज. मला ते बघून बरं वाटायचं, मास्तर. मला वाटायचं, पोर माझी हाय. जे वाटायचं ते वाटायचं.

हाड भरून आलं. डॉक्टरीणबाई म्हणल्या, आता हळूहळू खेळायला हरकत न्हाय, आठवड्यातनं एक-दोन दिवस पायाला पूर्ण विसावा द्यायचा, दुखलं की लगेच सांगायचं. तुम्ही सांगत होता तेच. सानिका मैदानावर गेली न्हाय. मनीषानं समजावलं, मैत्रिणींनी बोलावलं. ती म्हणली, "तिथं सर असतात." पाय बरा होऊन पोर घरात बसली ती पायामुळं न्हाय. माझ्या एका व्हयमुळं बसली. हे मला दिसत होतं. तोंड उघडायचं तेवढं होईना. एवढ्या लोकांत बोललेलं मागं घ्यायचं म्हणजे काय, हे माझ्यासारख्या माणसालाच कळतं. रोज म्हणायचो, उद्या मास्तरांच्या घरावरनं जाऊ. जाताना दार उघडं दिसलं तर आत शिरू. दार उघडंच असायचं. मी दुसऱ्या गल्लीनं जायचो.

तुम्ही शेवटच्या दुखण्यात होता तवा काजल एकदा दुकानात भेटली. म्हणली, "मामा इचारत होते, सानिका मैदानावर जायला लागली का?" म्या म्हणलं, "बघू." तुमचा माझ्यासाठीचा शेवटचा शब्द हा, आणि माझं उत्तर हे. ते तुमच्यापर्यंत पोचलं का न्हाय, तेबी ठावं न्हाय.

तुम्ही गेल्यावर ते पुस्तिकेचं निघालं. दोन पोरी सानिकाला शाळंत म्हणल्या, तूबी लिही. ती घरी येऊन आईला सांगत होती, मी ओट्यावर होतो. म्हणली, "मी काय लिहू? भाचीला खेळवायची होती तर सरळ सांगायचं होतं त्यांनी." मास्तर, ते माझं वाक्य होतं. मैदानावरचं. माझ्याच हेलात, माझ्यासारखंच नाक फुगवून. तुम्ही जाऊन दहा दिवस झाले होते आणि माझं खोटं पोरीच्या तोंडात अजून तसंच्या तसं होतं. उद्या हे तिच्या लेकरांना सांगंल, असं मनात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणात तूर निवडत होती. मी समोर बसलो.

"सानिका, काजलचं मी खोटं बोललो होतो."

"कोणतं?"

"सगळंच. तुझ्या पायासाठीच बसवलं होतं त्यांनी. मला ठावं होतं. सडकंवर पळवू नका म्हणून सांगायलाबी आले होते, म्या हाकलून लावलं."

तिचा हात सुपात तसाच राहिला. म्हणली, "मला काय वाटतंय ते सरांना ठावं होतं?"

"व्हय."

"तरी ते बोलले न्हाईत?"

"न्हाय."

"का?"

"मला काय ठावं. मी असतो तर बोललो असतो."

"मी रोज तोंड फिरवायची, आबा. ते उठून उभं राहायचे."

तिनं सूप बाजूला ठेवलं, चप्पल घातली. मीबी उठायला लागलो. तिनं माझ्याकडं न बघता म्हणलं, "तुम्ही नका येऊ." आणि तुमच्या घराकडं गेली. अजून जरा लंगडतीच, मास्तर. चालताना कळत न्हाय, घाईत कळतं.

सांजेला परतली. डोळे सुजलेले. काय झालं ते तिनं आईला सांगितलं, मी आडून ऐकलं. तुमच्या मंडळींनी तिला जवळ घेतलं. काजलच्या ती पाया पडायला गेली तर काजलनं पडू दिलं न्हाय. आणि एक कळलं. ती कुबड्यांवर असताना तिचा वर्ग वरच्या मजल्यावरनं खाली आणला होता, तो हेडमास्तरांनी आणला असं आमी समजत होतो. तुम्ही त्यांच्यामागं चार दिवस लागून तो खाली आणवला होता. म्हणून दारात खुर्ची टाकून बसायचा व्हय तुम्ही? पोर नीट आत पोचती का ते बघायला?

हे सगळं मी लोकांत बोललो होतो, म्हणून लोकांतच लिहून देतोय. कदम मास्तरांनी माझ्या नातीवर कसलाबी अन्याय केला न्हाय. तिचा पाय माझ्या हट्टानं मोडला. काजल, पोरी, तुलाबी भर मैदानात बोललो ते मी मागं घेतो. आणि डॉक्टरीणबाई, तुम्ही हे वाचताल न वाचताल, चोळणारा मीच होतो.

मास्तर, तुमची माफी मी मागत न्हाय. माफी मागायची तर समोरचा न्हाय म्हणायला जित्ता पायजे. तुम्ही जित्ते होता तवा दीड वर्ष मला वेळ होता, आणि मला भ्या एकच होतं, तुम्ही लगेच व्हय म्हणताल ह्याचं. आता फोटोपुढं हात जोडून काय मिळवू? फुकटात मिळालेलं मी घेत न्हाय.

पण पोर हाय. ती न्हाय म्हणू शकती. काल ती शाळंला निघाली तवा मी दारात आडवा उभा राहिलो आणि तिची माफी मागितली. जन्मात पहिल्यांदा मागितली, कशी मागायची ते धड ठावं नव्हतं. तिनं ऐकून घेतलं. व्हय म्हणली न्हाय, न्हायबी म्हणली न्हाय. दप्तर खांद्यावर घेतलं आणि माझ्या बाजूनं निघून गेली. आज सकाळीबी बोलली न्हाय. मी इचारून बसलोय. आता तिला लागंल तेवढा वेळ.